रोवणीतली बाळं

९ जुलै, धानोरा

धानाची रोवणी लागली की आशांच्या बैठकीला निम्म्याच जणी येतात. बाकीच्या बांधीत पऱ्हे लावत असतात. एका नवजात बाळाच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवसाच्या सगळ्या गृहभेटी मिळून मोबदला २५० रुपये. बाळंतपण घरी झालं, तर पहिल्या दिवशीही जायचं. मागचा मोबदला अजून खात्यावर पडलेला नाही. आज पुन्हा तोच विषय निघाला. गटप्रवर्तक म्हणून मी वर कळवते, त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. पण राग येतो. बाळ जगवायला सगळ्यात आधी पोचते ती बाई, आणि तिचा पैसा सगळ्यात शेवटी.

११ जुलै

मुरूमगावच्या अंगाला एका घरी सातव्या दिवसाची भेट. आशाताईनं साबणानं हात धुतले, झोळी काट्याला लावून आधी काटा शून्यावर आणला, मग बाळ ठेवलं. १ किलो ९०० ग्रॅम. दोन किलोच्या आत, म्हणजे भेटी वाढवायच्या. बाळाच्या पोटावरचं फडकं बाजूला करून ती घड्याळ धरून बसली. पूर्ण एक मिनिट. घरात कुणी बोललं नाही. श्वास ४६, ठीक. मग तळपाय चाचपले, ते गारच.

"दूध ओढते का?"

"ओढते जी, पण झोपतेच लय," आजी म्हणाली.

दर दोन तासांनी उठवून पाजायचं, आणि बाळ उघडं करून आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधायचं, वरून लुगडं. आशाताईनं बोलता बोलता बांधूनच दाखवलं. बाळंतिणीच्या वाट्याची रोवणी जाऊबाई करते आहे. बाळाच्या वजनात या जावेचाही वाटा राहील, पण तो कुठल्याच रकान्यात येत नाही.

१५ जुलै

चातगावला कामानं गेले, तेव्हा बंग दांपत्याच्या शोधग्रामलाही थांबले. अभय आणि राणी बंग १९८६ मध्ये या गडचिरोली जिल्ह्यात आले. १९८८ मध्ये त्यांच्या कामाच्या गावांत हजार जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. न्यूमोनिया हे त्यातलं मोठं कारण. निरक्षर दायांना श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधन केलं: मिनिटाची वाळू, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. पुढे ३९ गावांत गावच्याच बायका आरोग्यदूत झाल्या, घरोघर नवजात बाळं तपासू लागल्या. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, आणि २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी देशभरच्या आशांकडे आली.

एक गोष्ट मात्र तशीच्या तशी आली नाही. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली की आरोग्यदूत घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. आशेनं लक्षण ओळखायचं आणि बाळ वर पाठवायचं. डांबरी रस्त्यावरच्या गावात हे चालतं.

२३ जुलै

रात्रभर पाऊस. नाल्यापलीकडच्या गावातला पोरगा टेकडीवर चढला, तेव्हा कुठे रेंज मिळून फोन लागला. नऊ दिवसांचं बाळ, कालपासून दूध सोडलेलं. आशाताईनं श्वास मोजले, ६८. नियमाप्रमाणे पुन्हा मोजले, ६६. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा त्याहून जास्त भरले की धोका, आणि इथे छातीही आत ओढली जात होती. नाल्यावरून पाणी चाललेलं, १०८ ची गाडी अलीकडे उभी. तोंडी औषधाचा पहिला डोस तिनं दिला, बाळ आईच्या छातीशी बांधलं आणि वाट पाहिली. दुपारी पाणी उतरल्यावर चौघांनी आईला हात धरून पार केलं. इंजेक्शन मिळालं ते धानोऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात. तिथून गडचिरोलीला, महिला व बाल रुग्णालयात.

ज्या गावांना पावसाळ्यात वाट राहत नाही, तिथल्या आशेला शिकवून ते इंजेक्शन दिलंच पाहिजे. याच जिल्ह्यातल्या गावच्या बायकांनी ते देऊन दाखवलं आहे. मग तिची परीक्षा घ्या, दर महिन्याला तिची सुई-सिरिंज तपासा, पण औषध नाल्याच्या पलीकडे असू द्या.

२६ जुलै

गडचिरोलीहून निरोप आला: बाळ दूध ओढायला लागलं.

३० जुलै

ऑगस्टमध्ये दिवस भरणाऱ्या, नाल्यापलीकडच्या बायांची यादी केली. त्यांना आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणून ठेवायचं. एकीनं साफ नाही सांगितलं. घरी दोन वर्षांचं पोर आहे, शेळ्या आहेत, नवरा रोवणीत. तिचं खरं आहे. माहेरघरात खाट मिळते, पण मागच्या घराचं कोण बघणार? तिच्या बहिणीला बोलवायचं ठरलं आहे, पोर आईसोबतच येईल. इंजेक्शनबद्दलचं पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावानं लिहिलं. उद्या आशांच्या सह्या घेऊन देते.