बोरघाटातील मोटार

खोपोलीहून खंडाळ्यास चढणारा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. तेथे पूर्वी बैल दमत; आता वैशाखात एखादी जुनी मोटार दमते. रेडिएटर उकळला, की घरधनी प्रथम त्याच्या झाकणाकडेच धाव घेतात! हे साहस कदापि करू नये. दाबलेली वाफ हातातोंडाची सालडी काढते. मुलांस दरीची शोभा दाखवावी, तोवर इंजिन पुरते निवू द्यावे. मग कूलंट संथ धारेने ओतावे, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवावा व इंजिन चालू करून बुडबुडे थांबेतो भर घालीत जावे. आत हवा कोंडल्यास टाकी भरलेली दिसूनही इंजिनाचा माथा तापून वाकतो. मौज अशी, की मोटारीचे तोंड चढणीकडे असल्यास रेडिएटरचे तोंड उंच राहते आणि ती हवा आपोआप वर येते.