भिंतीआडचा नळ

संसारांत ज्या वस्तु डोळ्यांसमोर असतात, त्यांचीच आपण काळजी वाहतों. दिवाळीपूर्वीं भिंतींना रंग देतों, पावसाळ्यापूर्वीं गच्ची तपासतों, पाहुणे यावयाचे असले म्हणजे बैठकीच्या गाद्यांचे अभ्रे बदलतों. परंतु ज्या नळांतून रोज घरांत पाणी येतें, तो भिंतीच्या पोटांत कोणत्या स्थितींत आहे, हा प्रश्न आम्हांस इतक्या वर्षांत एकदांही पडला नव्हता. गेल्या आखाजीच्या आदल्या दिवशीं पहाटे तो प्रश्न भिंत फोडून आमच्यापुढें उभा राहिला. वाचकांपैकीं अनेकांचीं घरें आमच्या घराइतकींच जुनीं असतील. म्हणून ही हकीकत जरा विस्तारानें सांगतों.

आमचें घर नंदुरबारास, जुन्या गांवाबाहेर, आगगाडीच्या रुळांकडील बाजूस आहे. वडिलांनीं तें १९६८ सालीं बांधलें. त्या वेळीं नंदुरबार हें धुळें जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव होतें. स्वतंत्र जिल्हा होण्यास १ जुलै १९९८ उजाडावा लागला. घर बांधलें तेव्हां आसपास शेतें होतीं आणि पाणी आडाचें होतें. पुढें नळ आला, त्या दिवशीं आईनें तोटीला हळदकुंकू वाहिलें व पहिली कळशी देवापुढें नेऊन ठेवली. रहाटाच्या दोरानें जिच्या तळहातांस घट्टे पडलेले, तिला नळ हा देवच वाटला यांत नवल नाहीं. आम्ही मुलें मात्र दिवसभर तोटी उघडीत व मिटीत बसलों होतों.

वडील मोठे टापटिपीचे. उघडा नळ दिसला तर घराची शोभा जाते, असें त्यांचें मत. त्यामुळें रस्त्यावरून आलेला जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ कोठीघराच्या भिंतींत चर पाडून वरच्या टाकीपर्यंत नेला, व त्यावर गिलावा करून सर्व कांहीं झांकून टाकलें. त्या दिवसापासून घरांतील माणसांच्या दृष्टीनें नळ म्हणजे केवळ तोटी, एवढाच अर्थ उरला.

वडील गेल्यास आतां वीस वर्षें होऊन गेलीं. आम्ही तिघे भाऊ, तीन बिऱ्हाडें, चूल एक. कोठीघराच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वीं हाताच्या पंजाएवढा ओलावा दिसूं लागला. वहिनींनीं तो दादांस दाखविला. दादा म्हणाले, 'पाहूं.' आम्ही मधले. आम्हांस वाटलें, दादांनीं पाहिलें आहे तर तेच कांहीं करतील. धाकट्यास वाटलें, दोघे वडील भाऊ असतां आपण कां पुढें व्हावें? त्या ओल्या जागेवर एक दिनदर्शिका टांगण्यांत आली. पंजाएवढा ओलावा सुपाएवढा झाला, तेव्हां अधिक मोठी दिनदर्शिका आणली. हें लिहितांना आज लाज वाटते. पण खरें तें खरें.

खानदेशांत आखाजी म्हणजे काय, हें बाहेरच्या वाचकांस एका वाक्यांत सांगावयाचें तर असें, कीं त्या सणाला सासरच्या मुली माहेरीं येतात. आमच्या दोन्ही बहिणी मुलांबाळांसह आल्या होत्या. घरांत एकोणीस माणसें, आणि पुतण्याच्या सूनबाईंस सहावा महिना. कोठीघरांत वर्षाचे गहूं, कुरडया-पापडांचे डबे, नुकत्याच वाळवून ठेवलेल्या मिरच्या, असा सारा सांठा. पहाटे साडेचारास पाणी आलें तसें पुतण्यानें नेहमींप्रमाणें मोटर लावली; आणि थोड्याच वेळांत भिंतींतून घुसमटलेला असा आवाज झाला, गिलाव्याचा मोठा पोपडा सुटला व पाण्याची धार थेट मिरच्यांच्या पोत्यांवर आदळूं लागली.

मोटर बंद केली, तरी रस्त्यावरील पाण्याचा दाब होताच; धार कांहीं थांबेना. विजेच्या बटणांची पाटी त्याच भिंतीवर. तीमधून चरचर ऐकूं येतांच दादांनीं ओरडून सर्वांस मागें सारलें व विजेची मुख्य कळ पाडली. घर अंधारांत. कोणी भांडीं लावतें आहे, कोणी पोतीं ओढतें आहे, मुलें रडत आहेत. आणि एवढ्या शिकलेल्या घरांत, रस्त्यावरून येणारें पाणी बंद करण्याचा कॉक कोठें आहे, हें एकासही सांगतां येईना! तिघे भाऊ हातांत विजेऱ्या घेऊन अंगणभर फिरत होतों. शेवटीं चौऱ्यायशीं वर्षांची आई आपल्या खाटेवरून म्हणाली, "तुळशीमागची शहाबादी उचला रे. यांनीं तेथेंच बसवला होता. तेव्हां कंदील मीच धरला होता."

फरशी उचलली. कॉक तेथेंच होता, पण गंजून दगड झालेला. त्यावर रॉकेल ओतून, पान्ह्यानें हळूहळू हलवीत तो फिरवावयास वीस मिनिटें लागलीं. तोंपर्यंत कोठीघरांत घोट्याएवढें पाणी झालें होतें. गहूं पत्र्याच्या कोठ्यांत होते म्हणून वांचले. मिरच्या व पापड गेले.

सकाळीं नळवाला आला. त्यानें भिंत फोडून नळाचा हातभर तुकडा बाहेर काढला, तो दोन बोटांनीं दाबतांच पापुद्र्यासारखा चुरला. "भाऊसाहेब, हाऊ पाइप सडी गया," एवढेंच तो म्हणाला. अर्ध्या इंचाच्या त्या नळाच्या आंत क्षार व गंज यांचा असा थर बसला होता कीं, मध्यें पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच वाट राहिली होती. पाणी कमी येतें म्हणून आम्ही मोटर लावीत होतों. पाणी कां कमी येतें, हें पाहिलें नव्हतें.

नळवाल्यानें समजावून सांगितलें व आम्हीं मागाहून वाचून ताडून पाहिलें, तें असें. लोखंडावरील जस्ताचा मुलामा हा लोखंडासाठीं स्वतः झिजत असतो. जस्त आहे तोंवर लोखंड सुरक्षित. तें संपलें कीं गंज लोखंडास धरतो. नळ जोडण्यासाठीं त्याच्या टोकांस आटे पाडतात, तेथें पत्रा आधींच पातळ झालेला असतो. म्हणून बहुधा पहिली गळती सांध्यांवर दिसते. पाण्यांत चुना व इतर क्षार अधिक असले, तर त्यांचा थर आंतून वाट अरुंद करीत जातो. आमच्या टाकींत उन्हाळ्यांत कूपनलिकेचें पाणीही त्याच नळावाटे चढत असे, आणि तें जड. अशा नळाचा एकच तुकडा बदलून भागत नाहीं. नव्यानें दाब वाढला कीं पलीकडचा जीर्ण सांधा फुटतो.

परंतु खरा धक्का पुढेंच होता. गळती आणखी कोठें आहे हें पाहण्यासाठीं त्यानें रस्त्यापासूनचा नळ उकरला. कुंपणाबाहेर तो नळ गटारांतून आडवा गेला होता, आणि गटाराच्या पाण्याखालीं त्यास दोन बारीक भोंकें पडलीं होतीं. तो भाग आमच्या जोडणीचा, म्हणजे निगा आमचीच. नगरपालिकेचें पाणी शिवण नदीवरील विरचक धरणांतून शुद्ध होऊन येवो; शेवटच्या दहा हातांत तें आम्हीं काय करून घेतलें होतें, तें डोळ्यांनीं दिसलें.

नळांत पाणी सदैव भरलेलें असतें तेव्हां भोंकांतून तें बाहेर जातें. परंतु जेथें पाणी ठराविक वेळींच सुटतें, तेथें तें थांबल्यावर नळ रिकामा होतांना आंत ओढ निर्माण होते, व बाहेरचें घाण पाणी भोंकांतून आंत येतें. नळालाच मोटर जोडणें म्हणजे ती ओढ हातानें वाढविणें. आम्ही हें रोज करीत होतों.

फाल्गुनांत धाकट्याच्या मुलास कावीळ झाली होती. तेव्हां आम्हीं दोष दिला तो उसाच्या रसाच्या गाडीस. ती कावीळ नळामुळेंच झाली असें सिद्ध करतां येणार नाहीं. पण तीं दोन भोंकें पाहिल्यावर रसवाल्याकडे बोट दाखविण्याचा आमचा अधिकार संपला. दादांनीं आमच्या नेहमींच्या डॉक्टरांस सर्व सांगितलें. त्यांनीं पहिला प्रश्न केला, "घरांत गरोदर कोणी आहे काय?"

त्या प्रश्नाचा अर्थ त्यांनीं मग सांगितला. दूषित पाण्यांतून पसरणाऱ्या काविळीचा 'ई' नांवाचा एक प्रकार आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लींत यमुनेच्या पाण्यांत सांडपाणी मिसळून जी कावीळ पसरली, तींत सुमारें एकोणतीस हजार माणसें पिवळीं पडलीं. ती हीच, असें पुढें निष्पन्न झालें. आपल्याकडे २०१२ सालीं इचलकरंजींत तिची मोठी सांथ झाली. इतरांस ती बहुधा सोडून देते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शेंकडा वीस-पंचवीसपर्यंत स्त्रिया दगावूं शकतात. आणि रोग शरीरांत शिरल्यापासून दिसेपर्यंत दोन महिनेही जाऊं शकतात. म्हणजे दोन महिने वाट पाहणें, एवढेंच आमच्या हातीं होतें.

ते दिवस आम्ही विसरणार नाहीं. सकाळीं सूनबाई अंगणांत आल्या कीं घरांतील प्रत्येक माणूस कांहीं तरी निमित्त काढून त्यांच्या डोळ्यांकडे पाही. वहिनींनीं पाणी उकळण्याचें काम स्वतःकडे घेतलें. खळखळून उकळी आल्याखेरीज घोटभरही कोणास मिळत नसे. देवाच्या दयेनें त्या सुखरूप राहिल्या, श्रावणांत मुलगी झाली, आणि तिच्या बारशाला मोठ्या पातेल्यांत पाणी उकळूनच पाहुण्यांस दिलें.

त्याच दिवसांत एका रात्रीं आम्ही तिघे भाऊ हिशेबास बसलों. सर्व नळ नवा करावयाचा तर खर्च मोठा होता. धाकटा म्हणाला, "नाहीं तरी पुढेंमागें हें घर पाडून नवें बांधायचेंच आहे." हें वाक्य आम्ही दहा वर्षें ऐकत व बोलत आलों होतों. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खरें बोलूं? मला वाटत होतें, उद्यां वांटण्या होतील. ही भिंत ज्याच्या वांट्यास येईल, तो तिचें पाहील." आम्ही कांहींच बोललों नाहीं, कारण आमच्याही मनांत नेमकें तेंच होतें. धाकट्यानेंही मान खालीं घातली. दोन वर्षें ती ओल न दिसण्याचें कारण दिनदर्शिका नव्हती, हें होतें.

आमच्या तापीकांठींच बऱ्हाणपुरास १६१५ सालीं बांधलेला कुंडी भांडारा आहे. जमिनीखालून पाट नेलेला, आणि त्यावर थोड्याथोड्या अंतरानें विहिरीसारख्या कुंड्या. तेथील पाण्यांतील चुना भिंतींवर बसतो. पण माणूस कुंडींतून खालीं उतरूं शकतो. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजहून पाणी आणलें, त्या नळावरही ठिकठिकाणीं उच्छ्वास ठेवलेले आहेत. त्या जुन्या लोकांनीं पाणी जमिनीखालून नेलें खरें, पण त्याच्याकडे जाण्याची वाट बुजविली नाहीं. ती आम्हीं शोभेसाठीं बुजविली.

आतां आमच्या घरीं नवा नळ प्लास्टिकचा आहे, व तो भिंतीच्या बाहेरून नेलेला आहे. गटारापासून दूर, उंचावरून. नळाला मोटर नाहीं. पाणी आधीं जमिनींतल्या टाकींत पडतें व तेथून वर चढवितों. कॉक तुळशीमागेंच, पण नवा. त्यावरील फरशीस कडी बसविली आहे, व घरांतील दहा वर्षांवरील प्रत्येक मुलाकडून तो एकदां बंद करवून घेतला आहे. नळ फुटला तर आधीं ओल्या भिंतीवरील वीज, मग कॉक, मग खालच्या तोट्या उघडून नळांतील पाणी काढून टाकणें, आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून नळवाल्याची वाट पाहणें, हा क्रम मुलांस पाठ आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस एकजण सर्व सांध्यांवरून हात फिरवितो. ती पाळी तिन्ही बिऱ्हाडांत फिरती आहे.

परवां एक स्नेही आले. भिंतीवरून गेलेला तो पांढरा नळ पाहून म्हणाले, "घर चांगलें, पण हें तेवढें विद्रूप दिसतें हो." दादा हंसून म्हणाले, "दिसतें, म्हणूनच ठेवलें आहे."