वळणावरचा गाळ

नदीचा स्वभाव तिच्या सरळ धावेत कळत नाही. तो वळणावर कळतो. पात्र वळले की बाहेरच्या अंगाचा काठ तुटू लागतो आणि आतल्या अंगास, जेथे पाणी मंदावते, तेथे गाळ बसतो. आमच्या शरीरांतील रक्तवाहिन्यांचीही गोष्ट काहीशी अशीच आहे, हे आम्हांस मुळशीजवळच्या माले गावी राहणाऱ्या एका स्नेह्यांमुळे समजून घ्यावे लागले.

त्यांच्या हृदयाच्या धमनीत गतवर्षी अडथळा सापडला. डॉक्टरांनी औषधे दिली व रोज चालण्यास सांगितले. परंतु गृहस्थ भयाने ओसरी सोडीनात. त्यांनी आम्हांस विचारले, “प्रोफेसर, रक्त अंगभर एकच ना? मग हा मेद नेमका फाट्यावरच कसा साचला?”

प्रश्न मार्मिक होता. आमचा विषय वाङ्मय. तरीही आम्ही ग्रंथ चाळले. १९६८ साली अमेरिकेतील डोनाल्ड फ्राय यांनी दाखविले की, रक्ताचे घर्षण फार वाढले तर धमनीचा अंतःस्तर जखमी होतो. यावरून तुटणाऱ्या काठाप्रमाणे वेगाच्या जागीच रोग जडत असावा, असा तर्क निघत होता. पण १९६९ साली लंडनच्या कॉलिन कॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट प्रतिपादन केले: मेदाचे थर धरतात ते घर्षण कमी असते तेथे. पुढील संशोधनाने मुख्यतः त्यांनाच दुजोरा दिला. मानेतील धमनी जेथे दुभागते तेथे, हृदयधमन्यांच्या फाट्यांपाशी आणि वळणांच्या आतल्या अंगास प्रवाह मंद होतो, भोवरतो, क्षणभर मागेही फिरतो. रोगाच्या आवडीच्या जागा त्याच.

मात्र नदीचा दृष्टान्त येथेच संपतो. काठ निर्जीव आहे. धमनीची भिंत सजीव आहे. तिच्या पेशींना प्रवाहाचा स्पर्श कळतो. तो एकदिश व जोरकस असला की त्या प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीने बसतात, नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात आणि भिंत निरोगी राखतात. स्पर्श क्षीण वा उलटसुलट झाला की त्यांची शिस्त मोडते, दाह वाढतो, आणि रक्तातील मेदकण भिंतीत शिरून तेथेच ठाण मांडतात. रक्तातील कोलेस्टेरॉल, तंबाखू, मधुमेह व रक्तदाब हे सर्वांगास अपाय करतात. परंतु तो अपाय प्रथम कोठे मूळ धरील, हे बहुधा प्रवाह ठरवितो.

फाटे व वळणे आम्हांस जन्मतःच मिळालेली आहेत. ती सरळ करणे कोणाच्या हाती नाही. प्रवाह मात्र काही अंशी आमच्या हाती आहे. मनुष्य चालू लागला की हृदय अधिक रक्त लोटते, धमन्यांतील घर्षण वाढते, आणि भिंतीस तिचा हितकर स्पर्श पुन्हा लाभतो. जुना थर त्याने धुऊन जाईल असे नव्हे. शिवाय ज्याचे दुखणे ताजे आहे त्याने किती चालावे, हे त्याच्या डॉक्टरांनीच सांगावे.

आमच्या स्नेह्यांना तर ते सांगितलेलेच होते. उणीव होती ती कारण पटण्याची. आम्ही ते विवेचन त्यांना लिहून कळविले. उत्तरादाखल दोनच ओळी आल्या: “कालपासून धरणाच्या वाटेने थोडे चालतो. भय आहेच, पण आता ते बरोबर चालते, वाट अडवीत नाही.”