माश्यांच्या खोलीतली माणसं

वढू बुद्रुकहून पुण्याला जायचं म्हणजे आधी कोरेगाव भीमाला नगर रस्ता गाठायचा. त्याच रस्त्यानं आमची धाकटी रोज कॉलेजात गेली, एम.एस्सी. झाली, एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागली. पहिल्या दिवशी कुणी गाव विचारलं. १ जानेवारी २०१८ नंतर आमच्या गावाचं नाव घेतलं की समोरचा जरा गप्प होतो, मग आडनाव विचारतो. ते ऐकून पुन्हा गप्प.

वाईट असं कुणी बोललं नाही. पण रमजानमध्ये बैठक नेमकी संध्याकाळी सहाला. आणि डब्यात काय आहे हे एकदा विचारून झाल्यावर तिचा डबा जिन्यात उघडू लागला. एके रात्री म्हणाली, "अब्बा, मी सोडते."

आम्ही दोघं बेताचे शिकलेलो. समजूत काय घालणार? तिनंच कधी सांगितलेली हकिकत तिला परत सांगितली. ओबेद सिद्दिकी, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलिगढला शिकलेले. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणलं. भौतिकशास्त्र नि गणिताच्या त्या घरात त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राची चूल मांडली. त्यांच्याकडे केनियात जन्मलेली, मूळ गोव्याची वेरोनिका रॉड्रिग्ज आली. केमिकल इंजिनिअरिंग शिकलेले विजयराघवनही आले. फळमाशीला वास आणि चव कशी कळते, हे तिथं शोधत. हजारोंत एखादी माशी वेगळी निघते, तिला ठरावीक वास किंवा चव कळत नाही. ती फेकत नाहीत, तिचा वंश वाढवतात. तिच्यात काय बिघडलंय ते सापडलं की बाकीच्यांत काय चालतं ते उमगतं.

"ते सिद्दिकीसाहेब स्वतःच प्रमुख होते, अब्बा," ती म्हणाली. खरंच होतं. १९३३ मध्ये कमला भागवत, पुढच्या सोहोनी, यांना बाई म्हणून बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलंच होतं. हट्ट धरून बसल्या तेव्हा वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर घेतलं. पुढे त्यांचं काम पाहून तिथं मुलींना वाट मिळाली. पण पारख एकीचीच का, हे आम्हालाही सुचलं नव्हतं, तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती सरांशी बोलली. "आधी का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. चांगला माणूस असावा. घरी येऊन मात्र चिडली, "सांगायचं मीच का?"

बैठक आता चारला असते. डबा अजून जिन्यातच आहे.