परक्या घरातील वहिवाट

मुक्काम सीताबर्डी, नागपूर
दि. २६ नोव्हेंबर

चि. नातीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्ल्सरुहेहून पाठविलेले तुझे सविस्तर पत्र पोचले. जेवणानंतर भांडी यंत्रात लावण्याची पाळी तुझ्याकडे आली आहे, कागद, काच, वेष्टने आणि ओला कचरा यांची पिंपे निरनिराळी असून त्यांत झालेली गफलत तेथे खपत नाही, रविवारी साऱ्या गल्लीत शांतता पाळावी लागते, कडाक्याच्या थंडीतही सकाळी खिडक्या सताड उघडून खोलीतील हवा बदलली जाते, आणि रात्री वरणभाताच्या वेळेला पाव, लोणी, चीज व काकडीचे काप यांवर सर्वांचे भोजन उरकते, हे सर्व तू बारकाईने लिहिलेस. आणि या घरात आपण पाहुण्या आहोत की घरच्या, हेच कळेनासे झाले आहे, असे एक वाक्य लिहून पत्र संपविलेस. त्या वाक्याचे उत्तर सवडीने व विचारपूर्वक द्यावे, म्हणून आज लिहावयास बसलो आहे.

माझी सारी नोकरी दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून गेली. त्यामुळे एखाद्या ठिकाणी माणसाचा हक्क कशाने उत्पन्न होतो, याचा विचार करण्याची सवय अंगवळणी पडली आहे. पाहुण्याला घरात मान असतो, वहिवाट नसते. ज्याच्याकडे घरातील एखादे काम नेमून दिलेले असते, ज्याला उशीर झाला तर चौकशी होते, आणि ज्याची चूक पोटात न ठेवता त्याच्या तोंडावर सांगितली जाते, त्याची त्या घरात वहिवाट सुरू झाली, असे खुशाल समजावे. तुला भांडी लावावयास सांगणाऱ्या त्या बाईंनी तुझा उपमर्द केलेला नाही. आपल्या लेकीला त्या जे सांगतात तेच त्यांनी तुला सांगितले, आणि या समान वागणुकीत जे वात्सल्य आहे ते गोड शब्दांतून व्यक्त होणाऱ्या वात्सल्याहून तिळमात्र कमी नाही. त्यांना नुसत्या नावाने हाक मारताना तुझी जीभ अडखळते, हे स्वाभाविक आहे, कारण आपल्या बर्डीच्या वाड्यात शेजारीणसुद्धा काकू असते आणि दूधवाला मामा असतो; परंतु तेथे आदर व्यक्त होतो तो सांगितलेल्या वेळेला हजर राहण्यात, दिलेला शब्द पाळण्यात आणि बंद दारावर टकटक केल्यावाचून आत न जाण्यात. तो शिरस्ता तू मनापासून आत्मसात कर.

विद्यार्थी-विनिमयाच्या ज्या प्रथेमुळे तू त्या घरात राहतेस, तिचा उगम महायुद्धांत आहे, हे तुला ठाऊक असावे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून वाहून नेण्यासाठी जे अमेरिकी स्वयंसेवक पुढे आले, त्यांच्याच अमेरिकन फील्ड सर्व्हिस या संघटनेने, दुसऱ्या महायुद्धाचा संहारही डोळ्यांनी पाहिल्यावर, १९४७ च्या सुमारास शाळकरी मुलांना परदेशी कुटुंबांत ठेवण्याचा उपक्रम हाती घेतला; आणि १९५१ साली यूथ फॉर अंडरस्टँडिंग हा दुसरा उपक्रम सुरू झाला, तो तर जर्मनीतील किशोरवयीन मुलांना अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या घरांत नेऊनच. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे लोटली होती. आपल्या मुलांनी ज्या देशाशी लढाई केली त्या देशाची मुले मिशिगनच्या गृहस्थांनी आपल्या पंक्तीला बसविली, हा विचार मनात आला की मी आजही थबकतो. तुझ्या कार्ल्सरुहेपासून फ्रान्सची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. त्या नगराने फ्रान्समधील नान्सी नगराशी १९५५ सालीच सख्य जोडले, आणि १९६३ च्या जर्मनी-फ्रान्स एलिझे करारानंतर तर दोन्ही देशांच्या मुलांनी एकमेकांकडे जाऊन राहावे यासाठी खास युवा कार्यालयच स्थापन झाले. अशा विनिमयात यजमान कुटुंबे बहुधा कसलाही मोबदला घेत नाहीत. म्हणून, ज्या मेजावर तू काकडीचे काप खातेस, ते मेज एका फार मोठ्या शहाणपणाच्या परंपरेतले आहे, हे ध्यानात ठेव.

परक्या घरी राहून विद्या संपादन करणे आपल्याला अपरिचित आहे, असे मात्र समजू नकोस. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत महाराष्ट्रातील कितीतरी गरीब विद्यार्थी वार लावून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात दिवसांची सात घरे धरून त्यांनी पोटाची व्यवस्था केली आणि परीक्षा दिल्या. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे उदाहरण तर तुझ्या अगदी जवळचे आहे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेली ही मुलगी सातव्या वर्षी पुण्याच्या हुजूरपागेत शिकावयास आली आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरी त्यांच्या कन्येबरोबर लेकीसारखी वाढली. आणि तीच १९२८ साली बर्लिनला जाऊन कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करू लागली. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशावंशांत भिन्न असते आणि तीवरून युरोपीयांचे श्रेष्ठत्व सिद्ध होते, अशी तेथील गुरूंची धारणा होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली, त्यांत वंशपरत्वे तसा भेद आढळला नाही, आणि जे आढळले तेच त्यांनी प्रबंधात निर्भयपणे मांडले. ज्या मुलीला बालपणी परक्या घरात आपलेपणाने वागविले गेले, तिला माणसामाणसांतील भेदाचा सिद्धान्त सहजासहजी पटला नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तथापि आपल्या वारांच्या प्रथेची हद्द कोठे संपत होती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जो विद्यार्थी यजमानाच्या जातीचा नसे, त्याला त्या पंगतीत प्रवेश नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांना निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढावी लागली, ती याच कारणाने. १९१७ साली अमेरिकेतून व इंग्लंडातून विद्या घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात राहावयास खोली मिळेना. पारशी नाव धारण करून ते एका पारशी सरायीत उतरले, परंतु ओळख उघडकीस येताच अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि ज्या दोन स्नेह्यांकडे आश्रय मागितला त्यांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून रात्रीच्या गाडीने त्यांनी बडोदे सोडले. पुढे १९२१ साली त्याच गृहस्थांनी तुझ्या जर्मनीत, बॉन विद्यापीठात, आपले नाव दाखल केले. परदेशच्या विद्यापीठांनी ज्यांना आपली दारे उघडली, त्यांना स्वदेशातील एका शहरात रात्रीपुरता आडोसा मिळू नये, या गोष्टीची वेदना ज्या मराठी माणसाला होत नाही, त्याने परदेशगमनाचा अभिमान बाळगू नये, असे माझे ठाम मत आहे.

आजच्या तारखेला ही गोष्ट लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. १८१७ साली याच दिवशी संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची व इंग्रजांची लढाई जुंपली आणि दुसऱ्या दिवशी नागपूरच्या स्वतंत्र राज्याचे भवितव्य ठरले. आणि १९४९ साली याच तारखेला भारताची राज्यघटना स्वीकृत झाली. तू ज्या नगरात राहतेस, जेथे राजवाड्यापासून निघालेले रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे पसरले आहेत, तेथे त्या राजवाड्यालगतच जर्मनीचे संघराज्य घटना न्यायालय आहे. १९५१ पासून ते, मनुष्याची प्रतिष्ठा अबाधित राखण्याचा जो पहिलाच अनुच्छेद त्यांच्या मूलभूत कायद्यात आहे, त्याची राखण करते. आपल्या घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. या दोन्ही कायद्यांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. परंतु आयुष्यभर न्यायालयाच्या आवारात वावरल्यावर मी सांगू शकतो, की हुकूमनाम्याने विहीर, शाळा आणि कचेरी खुली करता येते, पण स्वयंपाकघर खुले करता येत नाही. ते गृहस्थाने आणि गृहिणीने स्वेच्छेने उघडावे लागते. आपल्या बर्डीत आजही खोली भाड्याने मागावयास आलेल्या मुलाला प्रथम आडनाव विचारणारी आणि ते ऐकून नंतर कळवितो म्हणणारी घरे आहेत. अशा घराविरुद्ध फिर्याद दाखल होत नाही, कारण तेथे पुरावा म्हणून दाखविण्याजोगे काहीच नसते.

म्हणून बाळ, जर्मन लोक कसे आहेत, याचा अहवाल मला नको. एखादे कुटुंब परक्याच्या लेकराला घरात कसे सामावून घेते, ही विद्या तू तेथे शीक. आल्याच्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी तुला काय दाखविले. किल्ली कधी हाती दिली. तू मांस खात नाहीस हे कळल्यावर कोणी काय बदलले आणि काय बदलले नाही. त्यांच्या मुलांनी आपल्या कपाटातील जागा कुरकुर न करता दिली की कुरकुर करून दिली, आणि ती कुरकुर आईबापांनी कशी मिटविली. तुझा चेहरा उतरलेला दिसला तेव्हा त्यांनी विचारपूस केली की तुला एकांत दिला. या सर्वांची नोंद ठेव. त्यांच्यासाठी एकदा गोळाभात रांध, पण त्यांना तो आवडलाच पाहिजे असा आग्रह धरू नकोस.

या पत्रामागे एक तजवीजही आहे. आपल्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर जे मेट्रोचे स्थानक उभे आहे, त्या मेट्रोच्या उभारणीसाठी जर्मनीच्या विकास बँकेने कर्ज दिले, आणि त्याचा करारनामा रीतसर झाला. राष्ट्रांचे व्यवहार असेच व्हावयाचे. घराघरांचा व्यवहार मात्र कर्जरोख्याने होत नाही, तो परतफेडीच्या इच्छेवर चालतो. तुझ्या आजीची व तुझ्या आईबाबांची संमती घेऊन, पुढील वर्षी आपल्या घरी एका परदेशी विद्यार्थ्याला वर्षभर ठेवून घेण्याची दरखास्त मी तुला तिकडे पाठविणाऱ्या विनिमय-संस्थेकडे पाठविली आहे. आणि ते वर्ष सरल्यावर रस्त्याकडची खोली गडचिरोलीकडून किंवा मेळघाटातून शिकावयास आलेल्या एखाद्या मुलीला द्यावयाची, आडनाव न विचारता, आणि तिचे ताट आपल्याच पंक्तीत मांडावयाचे, असेही आम्ही ठरविले आहे. या वयात नवी रीत शिकणे आम्हाला सोपे जाणार नाही. तेव्हा वर विचारलेल्या गोष्टींचे उत्तर सविस्तर लिही, कारण ते या घराच्या उपयोगाचे आहे.

तुझ्या यजमान कुटुंबास आम्हा सर्वांचा नमस्कार सांगावा. प्रकृतीस जपावे. कळावे, हे आशीर्वाद.

तुझे आजोबा