वाडीतलं पान

गिरगावात वाढलेल्या माणसाला झाडं आधी पत्त्यात भेटतात. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, पलीकडे बोरभाट लेन. लहानपणी आईबरोबर पहिल्यांदा फणसवाडीत गेले तेव्हा मी दोन्ही बाजूंना फणस शोधत चालले होते. दिसल्या त्या चाळी, कठड्यांवर वाळत घातलेले कपडे आणि बालाजीचं देऊळ. आई म्हणाली, "कधीकाळी असतील गं. वाडी म्हणजे बागच की." बाग उठून गेली होती आणि तिचा शब्द तेवढा राहायला मागे थांबला होता. आम्ही त्या शब्दात राहत होतो.

चित्रकार प्रभाकर बरवे यांचा जन्म 1936 सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. तिथे वाडी म्हटलं की आजही नारळी-पोफळीच डोळ्यांसमोर येतात. तिथून हा माणूस मुंबईला आला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि 1961 पासून पुढची वीसेक वर्षं त्याने वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली. आधी काही वर्षं बनारसला, मग मुंबईत. हातमागावर विणणाऱ्यांना नवे नमुने काढून देण्याचं ते काम. केंद्राची मुंबईतली जागा ऑपेरा हाउसजवळ, मामा परमानंद मार्गावर, म्हणजे आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्या रस्त्याने मी शाळेत असताना कितीदा तरी गेले असेन. आत कोण बसलेलं असायचं, याची मला तेव्हा गंधवार्ता नव्हती.

बरव्यांची चित्रं मी मनसोक्त पाहिली ती फार उशिरा, 2019 साली, काळा घोड्याजवळच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. त्यांना जाऊन तेव्हा तेवीस वर्षं उलटली होती. गोलाकार भिंतींवर एकेक मजला चढत चित्रं लावली होती आणि त्यांतून पानं वारंवार भेटत होती. झाड बहुतेक ठिकाणी नव्हतंच. देठासकट एक पान, शेजारी घड्याळ किंवा शिंपला किंवा एखादं फळ आणि भोवती मोकळी, सपाट जागा. कुठे पानाची नुसती कड, आतून रिकामी. निसर्गचित्र म्हणून आपल्याला नदी, डोंगर, झाडी बघायची सवय असते. इथे निसर्ग एका पानापुरता उरला होता आणि मला तो मुळीच तोकडा वाटला नाही. चाळीत राहणाऱ्याच्या वाट्याला निसर्ग असाच येतो: पाइपाच्या सांध्यात रुजलेला पिंपळ, गॅलरीतली डब्यातली तुळस, जानेवारीत फुटपाथवर पडलेलं बदामाचं तांबडं पान. अख्खं झाड बघायला मान वर करावी लागते, पान हातात मावतं.

आणखी एका गोष्टीपाशी मी थबकले. त्यांनी पुष्कळ चित्रं एनॅमल रंगात केली आहेत. एनॅमल म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात तो डब्यातला ऑइल पेंट. आमच्या चाळीत दर दोन-चार वर्षांनी गणपतीआधी तो वास भरून राहायचा. दाराच्या कडेला टवका उडाला की आतले जुने थर दिसायचे, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा. त्याच जातीच्या गुळगुळीत, घट्ट रंगात त्यांनी पान रंगवलेलं पाहिलं आणि ते एकदम घरातलं वाटलं. त्या रंगात पानाचा ओलावा नाही, लव नाही. ते सुकणारही नाही.

पान सुकतं हे मला शाळेतल्या चित्रकलेच्या तासाने शिकवलं होतं. बाईंनी प्रत्येकीच्या पुढ्यात जास्वंदीची एक फांदी ठेवली. मी रेघ ओढायला लागले तेव्हा पानं ताठ होती. रंग कालवेपर्यंत त्यांनी माना टाकल्या. कागदावर ताठ पान, समोर लोंबणारं. खरं कोणतं? मी गांगरून खोडत बसले आणि चित्र अर्धंच राहिलं. गॅलरीत पानाशेजारी घड्याळ बघताना मला ती फांदी आठवली. बरव्यांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी डायऱ्या लिहिल्या, चित्रविचारावर 'कोरा कॅन्व्हास' हे मराठी पुस्तक लिहिलं. ते 1990 साली मौज प्रकाशनाने काढलं. मौजेचा तेव्हाचा पत्ता खटाववाडी, गिरगाव. पुन्हा वाडीच.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी पत्री आणायला दादरला जाते. स्टेशनबाहेर पुलाखाली पहाटेपासून बायका टोपल्या मांडून बसलेल्या असतात. एकवीस पत्रींचा तयार वाटाही मिळतो, पण मला एकेक पान विचारून घ्यायला आवडतं. आघाडा, माका, रुई, शमी, मरवा, डोरली. गुरुजी पूजेत एकेका पत्रीचं नाव घेऊन ती वाहायला सांगतात. झाडापासून तुटलेल्या पानाला इतक्या मानाने नावानिशी पुढे बोलावणं मी पूजेत पाहिलं आणि मग त्या चित्रांत. म्हणून मला बरवे परके कधी वाटले नाहीत. लोक त्यांची चित्रं अवघड आहेत म्हणतात, त्याचं मला वाईट वाटतं. पत्री वाहणाऱ्या घराला ती अवघड का वाटावीत?

गेल्या वर्षी वाट्यातलं एक पान ओळखू येईना. पत्रीवाल्या मावशींनी ते उलटं करून शिरेवरचा काटा दाखवला. "डोरली ही. हळू धरा, लागंल." घरी आल्यावर वाट्यातलं एक जास्तीचं पान मी काढून घेतलं आणि दिव्याखाली कोऱ्या कागदावर ठेवलं. सावली पडली, काट्यांसकट. पूजेची तयारी, नैवेद्य, येणारं-जाणारं यात ते तसंच राहिलं. रात्री पाहिलं तर पान कडेने आत वळलं होतं आणि त्याची सावली सकाळपेक्षा बारीक झाली होती. मी पेन्सिल घेतली आणि पानाला न हलवता सावलीची कड गिरवायला लागले.