पत्त्यावरचा मजकूर

रिचर्ड गारफील्ड यांचा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ 1993 साली बाजारात आला. त्याआधी मित्रमंडळी तो हाताने केलेल्या पत्त्यांवर खेळून बघत होती. त्यातल्या एका पत्त्यावर इतकंच लिहिलेलं होतं : ‘ऑपोनंट लूजेस नेक्स्ट टर्न’. गारफील्ड यांच्या मनात होतं, समोरच्याची एक पाळी जाईल. एका खेळाडूने वाचलं, पुढच्या पाळीला समोरचा हरलाच. हमखास जिंकून देणारा पत्ता हाती लागलाय, असं त्याने येऊन सांगितलं. त्याचं वाचन चुकीचं म्हणता येत नाही. पुढे हाच पत्ता ‘टाइम वॉक’ नावाने आला. या पाळीनंतर आणखी एक पाळी घ्या, असा स्वच्छ मजकूर घेऊन.

गारफील्ड तिथेच होते म्हणून खुलासा झाला. चाहत्यांनी हौसेने केलेल्या पत्त्यांचं तसं नसतं. फाइल कुणीतरी कुठेतरी छापून घेतं, पत्ते कापतं, खेळायला बसतं. ज्याने लिहिलं तो त्या टेबलाशी कधीच नसतो.

आपल्या मेंढीकोटच्या पत्त्यांवर वाक्यं नसतात. हुकूम बंद ठेवायचा की खेळता खेळता उघडायचा, हे घरोघरी वेगळं. पिसतानाच कुणीतरी ‘आमच्याकडे बंद हुकूम असतो’ म्हणतं आणि तेवढ्यावर सगळ्यांचं जमतं. नियम माणसांच्या तोंडी असला की तो बोलून ठरवता येतो. पण पत्त्यावरच नियम छापला, की प्रत्येक जण त्या ओळीवर बोट ठेवून भांडतो, आणि दोघांचंही बरोबर असू शकतं.

म्हणून हौशी पत्त्यांमधला मोठा दोष कोणता, असं विचारलं तर मी पत्त्यांच्या ताकदीतल्या असमतोलाचं नाव आधी घेणार नाही. समतोल भल्याभल्यांना साधलेला नाही. ‘मॅजिक’च्या पहिल्याच संचात पाच रंगांचे पाच पत्ते होते, प्रत्येकाची किंमत एक माना (पत्ता खेळायला मोजायची जादूशक्ती) आणि प्रत्येकाचं फळ तीनाच्या हिशेबात. ‘लायटनिंग बोल्ट’ तीनाचा मार देतो, ‘हीलिंग साल्व्ह’ तीन प्राण भरून काढतं, ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ तीन पत्ते ओढू देतो. कागदावर सगळं समसमान. प्रत्यक्षात साल्व्हला कुणी विचारत नाही, आणि रिकॉल आज व्हिंटेज प्रकारात एका कॅटमध्ये एकच ठेवता येतो, तर लेगसीत त्याला पूर्ण बंदी आहे. तीन पत्ते आणि तीन प्राण यांचं मोल एक नाही, हे खेळल्यावाचून कळत नाही.

पण असमतोलावर इलाज आहे. पत्ता बंद करता येतो, महाग करता येतो. डेसिफर कंपनीचा ‘स्टार वॉर्स’चा पत्त्यांचा खेळ 2001च्या अखेरीस थांबला, तेव्हा खेळाडूंच्या समितीने तो चालू ठेवला. दुबळ्या जुन्या पत्त्यांसाठी त्यांनी नवा मजकूर लिहिला. तो छापून कापायचा आणि प्लास्टिकच्या पाकिटात जुन्या पत्त्यावर सरकवायचा. पडून राहिलेला पत्ता पुन्हा खेळात येतो. मला ही युक्ती फार मोलाची वाटते.

संदिग्ध वाक्याने मात्र खेळणाऱ्यांचं मन खट्टू होतं. ओळखीतल्या मुलांनी केलेल्या एका पत्त्यावर होतं : ‘शत्रूचा एक मोहरा परत पाठवा.’ परत कुठे? हातात की कॅटमध्ये? मोहरा कुणी निवडायचा? त्यावर बसवलेली शस्त्रं त्याच्याबरोबर जातात की पटावर राहतात? आठ-नऊ शब्दांतही मावली असती अशी उत्तरं नव्हती, म्हणून दोन चांगले मित्र एकमेकांना लबाड म्हणू लागले. पत्ता करणाऱ्याने मग ‘माझ्या मनात असं होतं’ म्हणून समजूत घातली. मनातलं पत्त्यावर छापलेलं नव्हतं, आणि तंटा तिथेच होता.

या बाबतीत ‘नेटरनर’ या पत्त्यांच्या खेळाच्या चाहत्यांपुढे मी आदराने हात जोडतो. 2018 साली कंपनीने तो खेळ बंद केला. स्वयंसेवकांनी तो उचलला. आज त्यांची संस्था ‘नल सिग्नल गेम्स’ नावाने नवे संच काढते आणि छापून घेण्याच्या फायली फुकट देते. त्यांचं मला सर्वांत आवडलेलं काम दिसायला किरकोळ आहे. हल्ला यशस्वी झाल्यावर सर्व्हरमध्ये शिरून पत्ते पाहायचे, या टप्प्याला जुन्या मजकुरात वेगळं नाव नव्हतं. नव्या नियमांत त्याला ‘ब्रीच’ म्हटलं. त्यामुळे एचक्यू नावाच्या सर्व्हरसाठी ‘एचक्यू ब्रीच कराल तेव्हा एक पत्ता जास्त पाहा’ एवढं लिहिलं की पुरतं. नेमकं कधी, यावर वाद उरत नाही. असं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. चित्राचं कौतुक होतं, नावाचं होतं, वाक्याचं कुणी करत नाही.

तुम्ही स्वतःचे पत्ते करत असाल, तर ते अशा दोघांच्या हाती द्या ज्यांना खेळ माहीत नाही. शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. ते कुठे अडतात, काय विचारतात, तेवढं लिहून घ्या, आणि उत्तर त्यांना सांगण्याआधी पत्त्यावर लिहा.